करटोलीला आमंत्रण

कोंबडा एकदा आरवून गप्प झालाय. अजून फटफटलेलं नाही. मी पडवीत घोंगडीवर आडवी झालेय, उशाशी कुदळ आहे, आणि डोळा लागू द्यायचा नाही असं मी ठरवलंय. मी एकदा ठरवलं की ठरवलं, आमच्या गावात कुणालाही विचारा. नवऱ्याला विचारलंत तर तो आधी इकडंतिकडं बघेल आणि मग हळूच हो म्हणेल. पण पापण्या काही नवऱ्यासारख्या ऐकत नाहीत. त्या मिटतात, मी उघडते, पुन्हा मिटतात.

उजाडायच्या आत बांधावर जाऊन करटोलीचा कंद काढायचाय. करटोली तुम्ही बाजारात पाहिली असेल, पावसाळ्यात येते, हिरवी, लिंबाएवढी, अंगावर मऊ काटे. कारल्याच्या घरातलीच, पण कडवटपणा नाही. आमच्या भोरच्या डोंगरात तिला कुणी लावत नाही, पाऊस पडला की जमिनीतल्या कंदातून तीच वर येते आणि कुंपणावर चढून बसते. भाजी सगळ्यांना आवडते. औषध मात्र जुन्या माणसांना ठाऊक. मूळव्याधीला कंद भाजून त्याची पूड, गांधीलमाशी डसली तर उगाळून लेप, तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव यावी म्हणून फळांची भाजी, तेल कमी घालून. आणि काही वेल असे असतात की फुलं ढीगभर येतात, फळ मात्र एक धरत नाही. त्यांना आम्ही वांझ करटोली म्हणतो. बाईला मूल होत नसेल तर ह्या वांझ करटोलीचा कंद दुधात उगाळून तिला पाजायचा, अशी इकडची पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे.

बाई म्हणजे माझी सून, माझ्या नवनाथची बायको मोनाली. लग्नाला बरीच वर्षं झाली, अजून पाळणा हलला नाही. गेल्या श्रावणात तिच्या माहेरच्यांनी असाच कंद आणून पाजला, तर पोरीला उलट्या आणि जुलाब होऊन ती अंथरुणाला खिळली. मी म्हटलं, रीत पाळली नसणार, नाहीतर औषध असं अंगावर येत नाही. त्यात परवा माझा चुलतदीर माझ्याच पडवीत बसून, माझाच चहा पिऊन म्हणाला, "नवनाथचं दुसरं बघायला काय हरकत हाय?" मोनाली आत भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज थांबला तो बराच वेळ सुरू झाला नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, आता कंद मीच काढणार, सगळी रीत पाळून, आणि ह्या पोरीला ह्या घरातून कुणी हलवून दाखवावंच.

रीत अशी की औषध उपटून आणायचं नसतं. आदल्या दिवशी जाऊन आमंत्रण द्यायचं. काल ऊन असतानाच मी बांधावर गेले, वेलाच्या बुडाशी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, सुपारी ठेवली आणि म्हटलं, उद्या तुला न्यायला येते, माझ्या घरी ये, गुण दे. तेव्हापासून कंद हातात येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. बोललं की गुण गेला. मी कालपासून गप्प आहे, म्हणून नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आलाय का तेही पाहून घेतलं.

"सरक की जरा."

मी सरकते. कुणीतरी माझ्या घोंगडीच्या कडेला टेकतं, मशेरीचा वास येतो, आणि मला कळतं की वन्सं आल्यात.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, अनुसया. मागच्याच्या मागच्या थंडीत वारल्या. मूल झालं नाही म्हणून सासरहून परत आल्या त्या जन्मभर भावाकडंच राहिल्या, आणि बांधावरच्या करटोली त्यांनीच सांभाळल्या. कुणाला मूळव्याधीची पूड हवी, कुणाला लेप हवा, की माणसं वन्संकडं येत. फळणाऱ्या वेलाचा कंद त्या आनंदाने द्यायच्या. वांझ करटोलीला मात्र त्यांनी कधी कुणाला कुदळ लावू दिली नाही. मला वाटायचं, त्यांना त्या नावाचाच राग असेल.

त्या मेल्यात हे मला माहीत आहे. तरी पांघरूण त्यांच्या पायावर ओढून घ्यावंसं वाटतं, कारण त्यांचे पाय ओले आहेत आणि त्यांना गार सोसायचं नाही. मी ओढते.

"बोलावलंस, आले," वन्सं म्हणतात.

मी ओठांवर बोट ठेवते. मग मान हलवते. तुम्हाला नाही, वेलाला बोलावलं.

"वेलाला कोण वळखतंय? त्यो बांध माझा. तिथं अक्षता टाकल्यास म्हंजी आवतान मलाच." त्या माझ्या उशाशी हात घालतात. "कुदळबी घिऊन झोपलीस? नवरीवानी उशाशी घिऊन? ऊठ, चल."

मी पडवीची पायरी उतरते आणि माझा पाय बांधाच्या गवतात पडतो. मधली गल्ली, हौद, शेजारणीची गाय, काहीच लागलं नाही. उजेड दुधी आहे, कुठून येतोय कळत नाही. करटोली कुंपणावर चढल्यात, आणि सगळ्या फुलल्यात. कालची मिटलेली फुलं आता उघडी आहेत, फिकी पिवळी.

"कंचा काढायचाय?"

मी बोट दाखवते. वांझ आता एकच उरलीय. वन्सं होत्या तोवर पुष्कळ होत्या. त्या गेल्या, आणि आसपासच्या गावांतून माणसं येऊन एकेक खणून घेऊन गेली. मी कुणाला अडवलं नाही. म्हटलं, नेऊ देत बापडी, कुणाच्या तरी घरात पाळणा हलेल.

"अवंदा भाजी किती निघाली?" वन्सं विचारतात.

मी हात हलवते. नाहीच म्हणायची. फुलं आली, बारकी बोंडं बहुतेक पिवळी पडून गळाली. पाऊस बरा झाला तरी असं कसं झालं म्हणून मी वेलांना शिव्याही घातल्या होत्या.

"शिव्या घातल्यास? घातल्याच असतील." वन्सं हसतात. मग फळणाऱ्या वेलाचं एक फूल त्या न तोडता माझ्याकडं वळवतात. "ह्याच्या मागं बघ."

पाकळ्यांच्या मागे इवलंसं काटेरी बोंड आहे. ज्वारीच्या दाण्याएवढं, पण पुरतं करटोलं.

"आता ह्याच्या मागं बघ."

हे वांझ करटोलीचं फूल. मागे काही नाही, नुसता देठ. आत मात्र पिवळी भुकटी गच्च. वन्सं ते फूल तोडतात, पाकळ्या उलट्या मोडून धरतात आणि पहिल्या फुलाच्या तोंडात हलकेच फिरवतात, जसं बाळाच्या टाळूला तेल लावावं.

"झालं," त्या म्हणतात. "आता हे बोंड गळायचं न्हाई. हे काम रातच्याला दिव्यावर येत्यात त्या पाकोळ्या करत्यात, पर भुकटीच न्हाई तर पाकोळ्या काय आनतील? शालन, आगं, ही वांझ न्हाई. ह्यो गडी हाय. गड्याला कधी फळ धरतंय का? आन गडीच न्हाई ऱ्हायला तर ह्या बाया फळतील कशा?"

मी बघत राहते. इतकी वर्षं ह्या बांधावरून मी भाजी तोडली, एकदाही फुलाच्या मागं पाहिलं नाही. सगळ्या गावाने एका गड्याला वांझ म्हटलं आणि खणून खणून बायकांना पाजलं. मला हसू येतं, आणि लगेच मोनालीच्या उलट्या आठवतात. पण मी तोंड उघडत नाही. मी ठरवलंय.

वन्सं ते फूल माझ्या चिमटीत देतात. "धर. पुढचं तू कर."

मी वाकते, दुसरं फूल धरते. ते फूल चुलीच्या बाजूला उगवलंय. मी आमच्या जुन्या स्वयंपाकघरात वाकले आहे, धुराने डोळे झोंबतात, आणि समोर पाटावर वन्सं बसल्या आहेत. कोवळ्या, नाकात नथ, नुकत्या माहेरी आलेल्या. माझ्या सासूबाई, म्हणजे वन्संची सख्खी आई, सहाणेवर कंद उगाळताहेत. वाटीत दूध आहे, दुधाचा रंग बदलत चाललाय.

"डोळे मीट आन पी," सासूबाई म्हणतात. "गुण यील."

कोवळ्या वन्सं नाक दाबून वाटी तोंडाला लावतात. म्हाताऱ्या वन्सं माझ्या शेजारी उभ्या राहून हे बघताहेत.

"दरसाल," त्या म्हणतात. "माहेरपनाला आले की हे. लोकं लेकीला गोडधोड करत्यात. आन मग न्हाणीत बसून आतडी पडंस्तवर वकायचं. आई भायेर उभी ऱ्हाऊन रडायची. तिचंबी मन वाईट न्हवतं गं. तुझं कुठं वाईट हाय?"

मला विचारायचंय, मग पुढं? त्यांना ते ऐकू जातं.

"पुढं त्यानं दुसरी केली. तिलाबी झालं न्हाई. तिच्या आईनंबी ह्योच कंद पाजला. दोघी बाया प्याल्या, त्यो नुसता पानतमाखू खात बसला. तिसरी करायच्या आधी मेला, न्हाईतर तिलाबी वकाय लागलं असतं."

न्हाणीचं दार ढकलून कोवळ्या वन्सं आत जातात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला मागोमाग जाते, आणि आत दवाखाना आहे. तालुक्याचा, फिनेलच्या वासाचा. लांब बाक, बाकावर बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात वाटी. काही ओळखीच्या, काही माझ्या आईच्या वयाच्या, एक तर अगदी पोरगी. एकीचं नाव पुकारलं की ती उठते, वाटी रिकामी करते आणि ओळीच्या शेवटी पुन्हा येऊन बसते.

शेवटाला मोनाली बसलीय. तिने लग्नातली साडी नेसलीय. मला पाहून ती हसायचा प्रयत्न करते आणि वाटी उचलते.

समोर दुसरा बाक आहे. वर भिंतीवर पाटी, पुरुष. त्या बाकावर कुणी नाही. कुणी कधी बसलंच नसावं, कारण त्याच्या पायांवरून करटोली चढलीय, पाठीवर पसरलीय, आणि फुलांनी नुसती लगडलीय. मागे बोंड नसलेली फुलं, सगळीच्या सगळी.

"ह्या बाकावर कुनी बसायचं?" वन्सं विचारतात.

मी खांदे उडवते.

"नवनाथला बसीव."

मी जोरात मान हलवते.

"का? त्याला का न्हाई? त्याच्या बापाचं काय जातंय? त्यालाबी बघू दे की डाक्टरला. का तुझ्या पोराला सोन्याचा मुलामा हाय?"

"माझ्या पोरात काय बी खोट न्हाई!"

आवाज माझाच आहे. दवाखानाभर घुमतो. सगळ्या बायका वाट्या खाली करून माझ्याकडं बघतात.

"बोललीस," वन्सं म्हणतात.

मी तोंडावर हात दाबते, पण आता काय उपयोग. वन्सं हसू लागतात. हसता हसता त्यांना ठसका लागतो, त्या बाकाला धरून खाली बसतात, डोळ्यांतून पाणी येतं. माझा मात्र संतापाने जीव जातोय.

"मुद्दाम केलंत! मला बोलायला लावलंत! कालपास्नं गप हाय मी, पाण्याचा तांब्यासुद्धा खुणेनं मागितला!"

"मग? जितेपनी तुला गप करनं जमलं न्हाई कुनाला. बोलती करायला काय लागतंय?"

"आता कंदाचा गुण गेला!"

"गेला," वन्सं म्हणतात. "बरं झालं."

आणि मग त्या हसायच्या थांबतात. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. कानाची पाळी फाटलेली, हनुवटीवर गोंदण.

"खोट हाय म्हनलं का म्या?" त्या हळू आवाजात म्हणतात. "नसंल बी. मोनालीतबी नसंल. कुनातच नसंल, येळ लागत असंल. पर बघून तर घ्या म्हनलं. दोघांचंबी. माझ्या येळंला येका मानसानं येवढं म्हनलं असतं ना, की आदी त्याला बघा, तर म्या माझ्या घरात म्हातारी झाले असते. मला पोराची तेवढी आस न्हवती शालन. मला माझं घर होतं. चूल होती माझी. अंगनात मोगरा होता. मला तिथनं उठवलं."

मला रडू फुटतं. त्या जिवंत असताना मी त्यांच्याशी भांडले, त्यांच्या हातची पेज प्याले, त्यांच्या बांधावरची भाजी विकली, पण त्यांना कधी घर होतं ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. त्या मला कायम आमच्याच वाटत आल्या.

"वन्सं, लई सोसलंत."

"सोसलं. झालं. आता रडून मला काय मिळतंय?" त्या माझ्या पदराने माझंच नाक पुसतात, जरा जोरातच. "तुझ्याइतकी हट्टी बाई ह्या घरान्यात आली न्हाई. येवढा हट्ट, आन खर्च कशावर करतीस, तर येक कंद उकरन्यावर?"

"नवनाथ चिडंल."

"चिडू दे."

"त्याचा बाप चिडंल."

"त्यो? त्यो चिडला तर मला येऊन सांग." त्यांना पुन्हा हसू येतं.

"भावकी हसंल. म्हनतील, आईनंच पोराची अब्रू घालवली."

"आन मोनालीची अब्रू रोज जाती ती? ती तुझ्या पडवीतच जाती, तुझाच च्या पिऊन जाती. तुला कवापास्नं भावकीचं भ्या वाटाय लागलं गं?"

मला भावकीचं भ्या कधीच वाटलेलं नाही. मी तसं म्हणणार असते, पण बाकावरच्या बायका उठून उभ्या राहतात. नाव पुकारलंय. मोनाली वाटी तोंडाला लावते. मी धावते, माझे पाय ओल्या शेतात रुतावेत तसे जड होतात, आणि मी ओरडते, पिऊ नकोस, ठेव ती खाली, ठेव, ठेव—

"ठेव!"

पडवी. उजाडलंय. पागोळ्या गळताहेत. मोनाली समोर उभी आहे, न्हाऊन, ओल्या केसांनी, आणि तिच्या हातात माझी कुदळ आहे. रीत तिलाही माहीत आहे, म्हणून ती बोलत नाही. पण मी बोलले हे ऐकून तिचा चेहरा उतरतो. तिला वाटतं, माझ्या हातून चूक झाली आणि आता तिचं हेही औषध गेलं.

मी उठून बसते. डोळे पुसायला हात वर करते आणि मध्येच थांबते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट पिवळं झालंय. हळद म्हणावी तर हळद मी काल हौदावर घासून धुतली होती, आणि हळद इतकी फिकी नसते. ही बारीक भुकटी आहे, बोटांच्या रेषांत बसलेली. काल मी गेले तेव्हा बांधावरचं एकही फूल उघडलेलं नव्हतं. मी बोटं नाकाशी नेते, हिरवट, किंचित उग्र वास येतो.

"आत्या," मोनाली शेवटी म्हणते. सुनेने सासूला आत्याच म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. "तुम्ही बोललात."

"बोलले. आता गप बसणार न्हाई. ती कुदळ ठेव जागंवर."

"आन कंद?"

"कंद न्हाई काढायचा. तू परत कधी पेयाचा न्हाई. कुणी वाटी पुढं केली तर त्याच्या अंगावर उपडी कर, मी सांगितलंय म्हण."

तिच्या डोळ्यांत पाणी भरतं. तिला वाटतं मी हात टेकले. मी तिला खाली बसवते, पण समजावत बसत नाही, कारण समजावण्यापेक्षा मला हाक मारणं चांगलं जमतं.

"नवनाथ!"

शेजारणीची गाय दचकून उभी राहते. नवनाथ चादर गुंडाळूनच बाहेर येतो. त्याच्या मागं त्याचा बाप, कालपासून बंद असलेला माझा आवाज परत आला म्हणून जरा खुशीतच.

"आज कामावर जायचं न्हाई," मी म्हणते. "अंघोळ कर. तालुक्याला दवाखान्यात जायचंय. तू, मोनाली आन मी."

"तिला काय झालं?"

"तिला न्हाई. तिची तपासणी नंतर. आधी तुझी."

नवऱ्याची खुशी मावळते, तो भिंतीकडं बघतो. नवनाथ लाल होतो.

"माझी? मला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

"आई, लोकं काय म्हनतील? ह्यो बायकांचा—"

"तुमी चला," मोनाली म्हणते.

हळूच म्हणते, पण म्हणते. खाली बसल्या जागेवरून ती त्याच्याकडं सरळ बघते. गेलं वर्षभर ती ह्या घरात खालमानेने वावरलीय. "गेल्या वर्षी मी प्याले. तुमी नुसतं चला."

नवनाथ तिच्याकडं बघतो. मग माझ्याकडं. मी त्याची आई आहे, त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसतं, भीती आहे, लाज आहे, आणि त्यांच्या खाली कुठंतरी ती उलट्यांची रात्रही आहे, कारण तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला होता. तो आत जातो. थोड्या वेळाने न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येतो.

मोनाली चहा ठेवायला उठते. मी तिचा हात धरून उठते, आणि सोडते तेव्हा तिच्या मनगटावर माझ्या दोन बोटांचे पिवळे ठसे राहतात. ती ते बघते, मला विचारते, "हे काय लागलंय आत्या?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणते. "पुसू नकोस."